तिच्या वतीनं

हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती सुपरवायझर होती, म्हणून चर्चमध्ये सगळे तिला सुपरबाई म्हणायचे. आधी ते नुसतं चिडवणं होतं, पुढे नावच पडून गेलं. लाँड्रीत तिच्या हाताखाली तिन्ही पाळ्यांची माणसं होती. ड्रायरवर कुणी उभं राहायचं, ऑपरेशनचे हिरवे कपडे कुणी वेगळे काढायचे, हे ती ठरवायची आणि ते तसंच व्हायचं. आवाज चढवायची वेळ तिच्यावर क्वचितच यायची. ती नुसती चष्म्यावरून बघायची.

चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले. वयानं तिच्या भाच्याएवढे, उत्साह मात्र दोन माणसांचा. कुठलंसं शिबिर करून आले होते आणि मंडळीतल्या प्रत्येक कामासाठी स्वयंसेवकांचा एकेक गट उभा करायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खुर्च्या लावणाऱ्यांचा गट, गाणाऱ्यांचा गट, आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांचा गट. हॉलच्या भिंतीवर त्यांनी रंगीत गोल काढलेला मोठा कागद चिकटवला होता. गोलागोलात नावं भरत गेली. एक गोल तेवढा रिकामा राहिला.

"इथे काय येणार?" सुपरबाईनं विचारलं.

"इथे तुम्ही," पाळकसाहेब म्हणाले. "मंडळीत कुणी वारलं की घरचे भांबावून जातात. अंघोळ कोण घालणार, कपडे कोण चढवणार, काही सुचत नाही. मग बाहेरची माणसं बोलवावी लागतात. ही शेवटची सेवा आपल्याच माणसांनी करावी असं मला वाटतं."

"त्याला माणसं मिळायची नाहीत, साहेब. खुर्च्या लावायला पन्नास येतील."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, हात कायम ग्रीसनं काळे. "तिकडे चादरी, इकडे चादरी," तो म्हणाला. "तुझी काही सुटका नाही." पण पुरुषांच्या बाजूला कुणी पुढे येईना तेव्हा आपल्या दोन मित्रांना घेऊन तोच उभा राहिला.

बायकांच्या गटासाठी सुपरबाईनं माईकवरून आवाहन केलं नाही. ती नुसती बघत राहिली. चहा झाल्यावर न सांगता कप धुवायला कोण थांबतं, आजाऱ्याच्या खाटेशी बसून कोण फार बोलत नाही. असं करत तिनं शिवणबाईला गाठलं. शिवणबाई म्हातारी होती, तोंड तिच्या कात्रीसारखं. "आयुष्यभर या सगळ्यांची मापं घेतली," ती म्हणाली. "आता हे शेवटचं. निदान घट्ट झालं म्हणून परत आणणार नाहीत." दुसरी बेकरीवाली. तिचे हात जड उचलायला सरावलेले होते आणि तिला कशाची किळस नव्हती.

तिसरीला बोलवावंच लागलं नाही. ती आपण होऊन आली. औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करणारी, पस्तिशीतली विधवा, आपल्या आईबरोबर राहायची. गटात सगळ्यांत लहान म्हणून पुढे तिला धाकटीच म्हणू लागले. एका रविवारी सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि सुपरबाईच्या शेजारी उभी राहून कप पुसायला लागली.

"मला तुमच्या गटात घ्याल का?"

"का यायचंय तुला?"

धाकटीनं कप पालथा घातला आणि मग सांगितलं. तिचा नवरा अपघातात गेला होता. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, कुठल्याही घरात होतं तसलं. तो रागानं गाडी काढून गेला. सासूनं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हटलं, "हिनंच घालवला माझ्या मुलाला." मग दफन सासरच्या गावी ठेवलं आणि हिला वेळ चुकीची कळवली. ही पोचली तेव्हा पेटीचं झाकण ठोकून झालं होतं. तिनं विनवण्या केल्या, सासू म्हणाली, "आता उघडायची नाही."

"मी त्याचा चेहरा बघितलाच नाही," धाकटी म्हणाली. "म्हणून मला हे काम करायचंय. कुणाचंही माणूस न बघता जाऊ नये."

सुपरबाई हातातला कप पुसतच राहिली. कारण ही सासू म्हणजे टीचर होती. रविवारच्या शाळेची टीचर. चाळीस वर्षं तिनं मंडळीतल्या पोरांना शिकवलं होतं. सुपरबाईकडून पहिली प्रार्थना तिनंच पाठ करून घेतली होती, गुडघ्यावर टॉफी ठेवून. आजही टीचर काठी टेकत दारातून आली की माणसं उठून उभी राहायची.

"एकच आहे," धाकटी म्हणाली. "मी कुणाचंही करीन. तेवढं एक घर सोडून."

"कबूल," सुपरबाई म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

गट चांगला जमला. सुपरबाईनं त्यांना एकेक गोष्ट शिकवली. शरीर कडक व्हायच्या आत हनुवटी बांधायची. अंघोळ घालताना चादर काढायची नाही, चादरीखालूनच पुसत जायचं. कुशीवर वळवताना एकीनं खांदा आणि कंबर धरायची, दुसरीनं पाठ पुसायची. एकटीनं हे कधीच करायचं नाही. कपडा चढत नसेल तर पाठीमागून उभा कापायचा, पुढून कळत नाही. आणि खोलीत आपापसात गप्पा नाहीत.

पण सगळ्यांत चांगली निघाली ती धाकटी. आपण काय करतोय ते ती त्या गेलेल्या माणसाला हळू आवाजात सांगायची. "आता हात पुसते हं." "आता कुशीवर वळवतोय." शिवणबाईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं, दुसऱ्यांदा ती स्वतःच तसं करायला लागली. काम झालं की चौघी कुणाच्या तरी घरी चहाला बसायच्या. घरचे लोक आठवण काढायचे, नातेवाईक रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायचे. पाळकसाहेब बाहेरच्या पाहुण्यांना भिंतीवरचा तो गोल दाखवायचे आणि सुपरबाईला, खोटं कशाला बोला, ते आवडायचं. लाँड्रीत माणसं पगारासाठी यायची. इथे तिच्या शब्दाखातर यायची.

मग टीचर गेली. वय झालं होतं, सकाळी उठलीच नाही.

पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा सुपरबाई इस्त्रीच्या मोठ्या मशीनपाशी उभी होती. आवाजात नीट ऐकू येईना म्हणून ती वाफेतून बाहेर जिन्यात आली.

"टीचरची मुलगी आत्ताच पोचली," ते म्हणाले. "आईनं सांगून ठेवलं होतं म्हणे, माझं आपल्या गटानंच करायचं. बाहेरचं कुणी नको. दफन उद्या सकाळी."

शिवणबाईचा हात प्लास्टरमध्ये होता. बेकरीवाली लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी. सुपरबाईनं मंडळीतल्या आणखी तिघींना फोन केले. एकीला भीती वाटत होती, एकीच्या घरी पाहुणे होते, तिसरीनं फोन उचललाच नाही. बाहेरची माणसं बोलवता आली असती. तो नंबर तिच्याकडे होता. पण टीचरसाठी? जिच्यासाठी अख्खी मंडळी लोटणार, तिच्यासाठीच गट कमी पडला, हे पाळकसाहेबांना सांगायचं तिच्या जिवावर आलं.

ती औषधांच्या दुकानात गेली. काउंटरपुढे तीन-चार गिऱ्हाईकं होती. धाकटीनं तिला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"टीचर गेली ना? आईला कळलंय."

"दुसरं कुणी नाहीये गं," सुपरबाई म्हणाली. "सगळीकडे विचारून आले."

"बाहेरची माणसं बोलवा."

"तिची इच्छा होती, आपल्या गटानं करावं."

"इच्छा," धाकटी म्हणाली आणि एका म्हाताऱ्याला गोळ्यांची पट्टी दिली. "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." मग पुन्हा हळू आवाजात, "आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं. मी कुठे नाही म्हणतेय? पण आपण माणूस बघून सेवा करतो का? मग बाहेरच्या माणसांत आणि आपल्यात फरक काय राहिला?" हे बोलताना सुपरबाईला स्वतःचंच पटत गेलं. "आणि कुणी सांगावं, तुझ्याही मनातलं ओझं उतरेल."

मागच्या गिऱ्हाइकानं खोकून दाखवलं. धाकटी काउंटरवर हात टेकून उभी होती.

"तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

"विचारतेय," सुपरबाई म्हणाली. पण ती तिथून हलली नाही. चष्म्यावरून बघत उभी राहिली.

धाकटीनं अंगावरचा पांढरा कोट काढला, घडी घालून स्टुलावर ठेवला आणि आतल्या मालकाला म्हणाली, "मी दोन तास जाऊन येते."

रस्त्यानं ती एक शब्द बोलली नाही. टीचरच्या दारात मात्र थांबली. "चेहरा तुम्ही करा," ती म्हणाली. "बाकी सगळं मी करते. चेहऱ्याला मी हात लावणार नाही."

"नको लावूस. मी करते."

दार टीचरच्या मुलीनं उघडलं, म्हणजे धाकटीच्या नणंदेनं. रडून डोळे सुजले होते. धाकटीला बघून ती एक पाऊल मागे सरली, मग बाजूला होऊन तिनं वाट दिली. "आत आहे," एवढंच म्हणाली.

खोली लहान होती. खिडकीपाशी टीचरची खुर्ची, भिंतीवर वर्षावर्षांच्या पोरांचे फोटो, आणि कपाटावर धाकटीच्या नवऱ्याचा मोठा फोटो, लग्नाच्या आधीचा. धाकटीनं तो बघितला आणि पाठ केली. दोघींनी हातमोजे चढवले. सुपरबाईनं टीचरची हनुवटी बांधली. धाकटीनं पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि काम सुरू केलं. त्या दिवशी ती टीचरशी काही बोलली नाही. पण हात तसेच चालत होते, नेहमीसारखे, बोटांच्या बेचक्या, कानामागे, टाचांच्या भेगा. कुशीवर वळवताना तिनंच खांदा धरला.

कपडे चढवून झाले आणि दारावर टकटक झाली. टीचरच्या मुलीला आईची शाल सापडत नव्हती, दुसरी कुठली चालेल का विचारायला ती आली होती. पेटी घेऊन आलेली माणसं जिन्यात वाट बघत होती. पाळकसाहेबही आले होते, त्यांना उद्याच्या गाण्यांबद्दल काही विचारायचं होतं. सुपरबाई बाहेर गेली ती बोलता बोलता अडकली. परत आली तेव्हा धाकटी खाटेपाशी उभी होती. हातात कंगवा होता. टीचरचे केस विंचरलेले, मधोमध भांग, चेहरा पुसून स्वच्छ केलेला. हनुवटीची पट्टी काढून तोंड नीट मिटवलेलं.

"अगं, मी करणार होते ना," सुपरबाई म्हणाली.

"तुम्ही आला नाहीत," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक होता. "झालं आता. उद्या पेटी उघडी ठेवायला सांगा. सगळ्यांना बघू दे."

बाहेर पडताना नणंदेनं तिचा हात धरला. "मोठ्या मनाची आहेस गं तू." धाकटीनं हात सोडवून घेतला आणि दुकानात परत गेली. त्या दिवशी चहा झाला नाही.

सुपरबाईच्या डोक्यातून ते वाक्य मात्र जाईना. सगळ्यांना बघू दे. जिला स्वतःला बघू दिलं नव्हतं तिनं हे म्हणावं! घरी तिनं ते नवऱ्याला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी, दफनानंतर, तिनं ते पाळकसाहेबांनाही सांगितलं. सगळंच सांगितलं, ठोकलेल्या झाकणापासून. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवानं काय काम केलंय बघा," ते म्हणाले.

रविवारी उपासनेला चर्च भरलेलं होतं. धाकटी आईला घेऊन मधल्या बाकावर बसली होती. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. विषय क्षमेचा होता. आधी त्यांनी टीचरबद्दल सांगितलं, मग थोडे थांबले. "आपल्यात एक बहीण आहे," ते म्हणाले. "नाव घेत नाही." नाव घ्यायची गरजच नव्हती. तरुण विधवा, सासू, भांडण, बंद पेटी, कंगवा. एकेक वाक्याला माना वळत गेल्या. सुपरबाईला आपले कान तापल्यासारखे वाटले. तिनं मधल्या बाकाकडे बघितलं. "आणि तीच बहीण म्हणाली, पेटी उघडी ठेवा, सगळ्यांना बघू दे. बंधूभगिनींनो, याला क्षमा म्हणतात." कुणीतरी मागून "आमेन" म्हणालं. एक बाई पदर डोळ्यांना लावत होती.

धाकटी उठली. आईला हाताला धरून उठवलं. म्हातारीला काही कळेना, ती "काय झालं गं? संपलं का?" असं मोठ्यानं विचारत होती. दोघी सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाकाच्या टोकाला आल्या आणि बाहेर गेल्या. बऱ्याच जणांना वाटलं, तिला भरून आलं असेल.

पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेना. शेवटी एका संध्याकाळी सुपरबाई तिच्या घरी गेली. आई आत रेडिओ लावून पडली होती. धाकटी मोरीपाशी कपडे धूत होती. तिनं हात पुसले नाहीत, बस म्हटलं नाही.

"त्यांनी माईकवरून बोलायला नको होतं," सुपरबाई म्हणाली. "मला माहीत नव्हतं ते सांगणार आहेत."

"त्यांना कुणी सांगितलं?"

सुपरबाईनं मोरीतल्या बादलीकडे बघितलं.

"झाकणाचं मी तुमच्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. तिला मी सांगितलं होतं, चेहरा बघितला म्हणून. त्या रविवारी चर्चमध्ये जे ऐकलं, ते तिला घरी आल्यावर उमगलं."

आतून रेडिओवरची बातमी ऐकू येत होती. सुपरबाईला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं.

"मला वाटलं, तू इतकं मोठं काहीतरी केलंस..."

"काय केलं मी?" धाकटीनं नळ बंद केला. "तुम्हाला माहितेय मी पेटी उघडी ठेवा असं का म्हटलं? ती बाई आयुष्यभर बोलत होती. शिकवत होती, प्रार्थना करत होती, माझ्याबद्दल बोलत होती. आणि मी फडक्यानं तिचं तोंड पुसलं तर ते नुसतं एक मिटलेलं तोंड होतं. मला वाटलं, बघू दे सगळ्यांना, आता गप्प झाली ती. बरं वाटलं मला. इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी ओकले." तिचा आवाज चढला नव्हता. "ही क्षमा आहे का? मी माफ केलं नव्हतं. अजून नाही केलं. कधीतरी केलं असतं, नसतं केलं, ते माझं होतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या वतीनं करून टाकलंत. आता मला दुकानात येऊन बायका सांगतात, तुझ्यापासून शिकण्यासारखं आहे. आणि मी त्यांना खोकल्याचं औषध देते."

"चुकलं माझं," सुपरबाई म्हणाली.

"तुम्ही कबूल म्हणाला होतात."

"हो."

"मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

सुपरबाईनं खरं उत्तर शोधायचा प्रयत्न केला. "तुझ्यावर रागावले असते," ती म्हणाली.

धाकटीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "बघा," ती म्हणाली, आणि नळ पुन्हा सोडला.

सुपरबाई तिथून निघाली ती सरळ पाळकसाहेबांकडे गेली. ते हॉलमध्ये खुर्च्या एकात एक रचत होते. तिनं जे ऐकलं होतं त्यातलं ओकण्याचं आणि बरं वाटल्याचं सांगितलं नाही. ते सांगायचा तिला हक्क नव्हता, एवढं आता तिला कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "साहेब, ती आपण होऊन गेली नव्हती. मी तिला नेलं. आणि जे तुम्ही सांगितलंत ते तिच्या मनातलं नव्हतं. आपण तिला विचारायला हवं होतं."

पाळकसाहेब मटकन खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता.  ते म्हणाले, "मी या रविवारी सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. माझी चूक झाली म्हणून सांगतो."

"नको."

"नको कसं? चूक सगळ्यांसमोर केली, तर माफीही..."

"माफी मागताना तुम्ही पुन्हा तीच गोष्ट सांगणार," सुपरबाई म्हणाली. "पुन्हा सगळे मान वळवून तो बाक बघणार. तिला आता त्या माईकवरून काही नको. ना कौतुक, ना माफी."

"मग मी काय करू?"

"मला विचाराल तर काहीच नका करू. मलाही तेच करायचंय आणि जमत नाहीये."

साहेबांनी धाकटीला पत्र लिहिलं, दोन ओळींचं. त्याचं उत्तर आलं नाही. पाळकसाहेबांच्या बोलण्यात त्यानंतर मंडळीतल्या माणसांचे किस्से कधी आले नाहीत. काही लोकांची तर तक्रारही झाली, हल्ली साहेबांचं बोलणं कोरडं झालंय म्हणून.

गटाचं काही खरं नव्हतं. बेकरीवाली परत आली. शिवणबाईचं प्लास्टर निघालं, तिला सगळं कळलं आणि सुपरबाईला तिनं तिच्या कात्रीच्या तोंडानं एकच वाक्य ऐकवलं, "अगं, ते पोर तुला नाही म्हणू शकत नाही हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर तू तिच्याकडे गेलीस." मग चहा करून दिला. दोन नव्या बायका आल्या. त्यातल्या एकीनं पहिल्याच वेळी फोनवर सांगितलं, "मला नाही जमणार आज." सुपरबाईच्या तोंडावर आलं होतं, का नाही जमणार? तिनं ओठ मिटले. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन दोनदा भांडी आपटली. नवऱ्यानं विचारलं, "कुणावर राग?" ती म्हणाली, "सवयीवर."

त्या दिवशी त्यांनी बाहेरची माणसं बोलावली. ती माणसं शांत होती आणि काम नीट करून गेली.

औषधांच्या दुकानात सुपरबाईनं जायचं सोडलं नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या तिला तिथूनच लागायच्या, आणि दुसऱ्या दुकानात जाणं तिला पळून गेल्यासारखं वाटायचं. धाकटी गोळ्या काढून द्यायची, सुटे परत करायची, "रोज सकाळी एक," म्हणायची, जशी कुणालाही म्हणते तशी. सुपरबाई "हो" म्हणायची. मागे कुणी उभं नसलं तरी दोघी त्यापुढे कधी गेल्या नाहीत.

वर्ष उलटलं आणि धाकटीची आई गेली. शिवणबाईचा फोन आला, दुपारी, लाँड्रीत कामाच्या ऐन गर्दीत.

"तिनं मला फोन केला होता," शिवणबाई म्हणाली. "तिला आपला गट हवाय. बाहेरचं कुणी नको म्हणाली."

सुपरबाईनं पटकन एप्रनच्या नाड्या सोडायला हात मागे नेला. "मी अर्ध्या तासात पोचते."

शिवणबाईनं तिला मध्येच अडवलं. 

"तू नको, म्हणाली."

मशीनमधून चादर बाहेर येत होती, ती धरायला कुणी नव्हतं, खाली जमिनीवर घड्या पडत गेल्या.

"बरं," सुपरबाई म्हणाली. मग घसा साफ करून, "तू आणि बेकरीवाली जा. गटाच्या सामानाची पिशवी माझ्या घरी आहे, आमचा हा घरी असेल, त्याला सांगते, तो आणून देईल. चादरी धुतलेल्या आहेत. आणि ऐक, आधी तिला विचारा, आत थांबायचंय का. तिला स्वतः काही करायचं असेल तर करू दे. काही करायचं नसेल तर तेही चालेल. आणि चेहरा..." 

"कळतं मला," शिवणबाई म्हणाली. "इतकी काही मी म्हातारी नाही झाले."

फोन ठेवल्यावर सुपरबाईनं खाली पडलेली चादर उचलली, झटकली आणि परत धुवायच्या गाड्यात टाकली. ड्रायरवरच्या मुलीनं विचारलं, "बाई, घरी काही झालंय का?" ती म्हणाली, "घरी नाही." मग पाळी संपेपर्यंत ती मशीनपाशी उभी राहिली. जायचं कुठे होतं?

दफनाला जावं की नाही, याचा तिनं रात्रभर विचार केला. नको असं धाकटीनं सांगितलं नव्हतं, ये असंही नव्हतं. नवरा म्हणाला, "मी जातो. आपल्या घरातून कुणीतरी हवं." तो एकटाच गेला, स्वच्छ शर्ट घालून, ग्रीसचे हात पाठीमागे धरून. सुपरबाई घरी राहिली आणि तिनं ओटा घासला.

दुपारी शिवणबाई जिना चढून वर आली. दम लागला होता. पाणी पिऊन तिनं सांगितलं की सगळं नीट झालं. धाकटीनं आईला स्वतःच पुसलं, यांनी नुसतं वळवायला धरलं. माणसं बरीच आली होती. पाळकसाहेब थोडंच बोलले, म्हातारी किती वर्षं मंडळीत होती आणि तिला कुठलं गाणं आवडायचं तेवढंच.

"काही म्हणाली का ती?" सुपरबाईनं विचारलं.

"तुझ्याबद्दल?"

"हो."

"नाही गं," शिवणबाई म्हणाली. तिनं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ती त्यातली नव्हती. "मला म्हणाली, पुढे कधी हात कमी पडले तर सांगा, बघेन. सांगा म्हणाली, येईन असं नाही म्हणाली."

"तिला तू फोन कर. मी नाही करणार."

"मीच करीन ना, तुला कोण करू देतंय." शिवणबाईनं खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. "ही कुठे ठेवू?"

सुपरबाई पिशवीकडे बघत राहिली. "तुझ्याकडेच असू दे आता," ती म्हणाली. "गटाचं तू बघ. मी तू बोलावशील तेव्हा येईन."

शिवणबाईनं तिच्याकडे रोखून बघितलं. हे रुसून बोललेलं आहे की खरं, हे तिला पारखून घ्यायचं होतं. मग ती उठली, पिशवी पुन्हा खांद्यावर अडकवायला गेली आणि कण्हली.

"आधी सांगायचं होतंस. आता ही घेऊन मला तुमचा हा जिना परत उतरायचाय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं घर आणि लिफ्ट नाही."

"थांब, मी खाली आणून देते," सुपरबाई म्हणाली. मग दारातच थबकली. "आणू ना?"

"आण," शिवणबाई म्हणाली.